गोल्डफिशला अँटिबायोटिक दिलं, आता पोटातले चांगले बॅक्टेरिया परत कसे आणायचे?

राजारामपुरीकर:
भावांनो, ८० लिटरचा टँक हाय, त्यात दोन ओरंडा जातीचे गोल्डफिश. मोठीची विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबायला लागली, दुकानदार म्हणला पोटात इन्फेक्शन झालंय आन पिवळी पावडर दिली, ती पाच दिवस पाण्यात टाकली. आता दाणं तोंडात घेते, चावते आन थुंकते, आन तळाशी बसून ऱ्हाती. पाणी दुधाळ झालंय. आई म्हणते माणसाला देतात तसं चमचाभर दही टाक. टाकू का?

मत्स्यवेडा:
दही अजिबात नको! ते सडून अमोनिया वाढंल, तो माशाला विषारी. आधी अमोनिया टेस्ट कर, कारण पावडरीनं फिल्टरमधले बॅक्टेरियापण मेले असणार, अमोनियाचं नायट्राइट आन नायट्राइटचं नायट्रेट तेच करतात. रोज पाव पाणी बदल, नळाचं असंल तर क्लोरीन काढूनच. आन फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नको, हेच बॅक्टेरिया त्यात ऱ्हातात.

प्रिया_शाहूपुरी:
दादा, पांढरी विष्ठा म्हणजे दरवेळी रोग नसतो, पोट रिकामं असलं तरी नुसता चिकट पदार्थ तसा पडतो.
गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट लांब आतड्यात जातं, तिथं सेटोबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरिया असतो जो ऑक्सिजनशिवाय वाढतो आणि बी१२ जीवनसत्त्व बनवतो, कार्प आणि तिलापियातपण सापडतो. एरोमोनासपण तिथंच असतो, एरवी गप, पण मासा कमजोर झाला की तोच त्रास देतो. म्हणून खात्री नसताना औषध टाकणं मला पटत नाही. झेब्राफिशची पिल्लं जंतू न लागू देता वाढवली तर आतडं नीट तयार होत नाही आणि नंतर बॅक्टेरिया सोडले की सुधारतं, हे प्रयोगात दिसलंय. मासा हे बॅक्टेरिया पाण्यातून आणि खाण्यातूनच घेतो, त्यामुळे पाणी सुधारलं की हळूहळू परत येतील. दोन दिवस उपास, मग उकडून सोललेला मटार.
माझा टँक सहा वर्षं जुना आहे, वर्षभरात नवीन मासा आणलेला नाही, त्याच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा देते, म्हणजे त्यातले बॅक्टेरिया तुमच्या फिल्टरमध्ये येतील. रंकाळा तलावाचं पाणी मात्र कुणी सांगितलं तरी आणू नका.

राजारामपुरीकर:
अमोनिया २ आला ताई, काळजात धस्स झालं. स्पंज आजच न्यायला येतो.

राजारामपुरीकर (नऊ दिवसांनी):
अमोनिया शून्य. काल अर्धा मटार टाकला, तिनं थुंकला न्हाई. आज सकाळी हिरवी विष्ठा पडली, आईला बोलवून दाखवली.