‘वॉनाबी’ गाजलं ते गाण्यामुळं की पॅकिंगमुळं? आणि गॅदरिंगला ते आहे तसंच वाजवावं का?

खडकेश्वर_कट्टा
गॅदरिंगचा मोसम आला की ग्रुप डान्सच्या यादीत स्पाइस गर्ल्स या इंग्लंडच्या पाच पोरींच्या ग्रुपचं ‘वॉनाबी’ ठरलेलं. पाच पोरी जमल्या की डोळे झाकून हेच. माझं म्हणणं सरळ आहे: हे गाणं म्हणून गाजलंच नाही. १९९४ मध्ये पेपरात जाहिरात देऊन पोरी निवडल्या, स्पोर्टी-बेबी-पॉश असली टोपणनावं एका मासिकानं चिकटवली आणि जुलै १९९६ मध्ये पहिलं गाणं इंग्लंडच्या बाजारात सोडलं. चालीत काय आहे? दोन ओळी फिरवून फिरवून, मध्ये रॅप, बाकी ओरडाआरडा. जुळवलेला ग्रुप, जुळवलेलं यश. आपल्या पोरींची मेहनत यावर कशाला घालवायची?

लातूरचा_मिक्सर
भाऊ, अर्धीच गोष्ट सांगूलालाव. ज्यांनी जाहिरात देऊन निवडलं, त्या मॅनेजरांना पोरींनी १९९५ मध्येच सोडलं. रेकॉर्ड कंपनीला पहिलं गाणं म्हणून ‘वॉनाबी’ नकोच होतं, दुसरं गुळगुळीत गाणं पुढं करायचं होतं. पोरी अडून बसल्या. अमेरिकेतून एक मिक्स (आवाज आणि वाद्यांची जुळवणी) करून आणलं, ते यांनी नाकारलं आणि स्पाइक स्टेंट या मिक्सिंगवाल्याकडून नवं करून घेतलं. व्हिडिओ लंडनच्या सेंट पँक्रासच्या जुन्या हॉटेलात, एका दमात घेतल्यासारखा. कंपनीला तोही अंधारा वाटला. मग प्रेक्षकांनी फोन करून गाणं मागवायच्या एका चॅनेलवर तोच व्हिडिओ धो धो चालला. पॅकिंग करणाऱ्यालाच माल पसंत नव्हता, तर यश पॅकिंगचं कसं?

आता चालीचं. सुरुवातीला इंट्रो नाही. माईककडं पळत येणाऱ्या पावलांचा आवाज, एक हसू, आणि लगेच सवाल-जवाब. एक विचारते, दुसरी उत्तर देते. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयानं २०१४ मध्ये ऑनलाइन खेळ मांडून बघितलं, कुठलं गाणं लोक लवकर ओळखतात. हे पहिलं आलं, सरासरी २.२९ सेकंदांत. गाण्याची लय ११० बीपीएम (मिनिटाला इतके ठोके), म्हणजे चार ठोक्यांचा एक बार २.१८ सेकंदांचा. एक बार झाला की माणूस ओळखतो! ही करामत जाहिरातीची नाही.

परळी_पॅसेंजर
लवकर ओळखू येणं म्हणजे चांगलं असणं का? कुकरची शिट्टी अर्ध्या सेकंदात ओळखू येते.

नांदेडची_सरगम
परळीकर 😄 शिट्टी विकत घ्यायला कोणी रांग लावत नाही. हे गाणं इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत थेट तिसऱ्या नंबरवर आलं, पुढच्या आठवड्यात पहिलं, आणि सात आठवडे हललं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेत पहिलं, तिथं चार आठवडे. समीक्षकांत मात्र दोन तट होते. कोणाला उथळ वाटलं, कोणाला त्यातला दंगा आवडला. ब्रिट पुरस्कारात १९९७ चं सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल हेच. आपल्याकडं २००२ मध्ये चॅनेल व्हीनं टीव्हीवर निवड करून ‘व्हिवा’ हा पाच पोरींचा ग्रुप बांधला. जाहिरात तर त्यांची घरोघर पोचली होती, तरी दोन-तीन वर्षांत तो विखुरला. नुसत्या पॅकिंगवर गाडी फार लांब जात नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. पाच पोरी म्हणून हे गाणं निवडता, पण यात एकटीनं गायलेल्या ओळी चौघींच्याच आहेत. व्हिक्टोरियाला, म्हणजे पॉशला, एकही नाही. गाणं रचलं त्या दिवशी ती लग्नाला गेली होती, फोनवरून हो-नाही कळवत होती म्हणे. त्यामुळं ‘जिची ओळ ती पुढं’ असा डान्स बसवला की पाचवी पोरगी पूर्ण वेळ मागं टाळ्या वाजवत राहते, आणि तिची आई पहिल्या रांगेत बसलेली असते. उपाय रॅपमध्ये आहे. तिथं पाचहीजणींचा एकेक करून उल्लेख येतो. व्हिक्टोरियाचा आला की पाचवीला मधोमध आणा, बाकीच्या चौघी खाली बसतील. थोड्या वेळाचा मामला आहे, म्हणून तिनं आधीच्या ओळीलाच चालायला लागायचं. नाव ऐकून निघाली तर पोचेपर्यंत रॅप पुढं गेलेला असतो.

बेंजोपार्टी_सेलू
तुमचं सगळं खरं, पण ११० वर इकडचं पब्लिक जांभया द्यायलंय की ओ! १२८ वर घ्या, खाली हलगीचा लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) टाका, मग बघा मैदान.

लातूरचा_मिक्सर
तिथंच माती होते, मामा. हिशोब करा. ११० चं १२८ म्हणजे १६ टक्क्यांच्या वर वाढ. की-लॉक (स्पीड बदलला तरी सूर धरून ठेवणारं बटण) न लावता स्पीड ओढला तर सूर अडीच पट्ट्यांहून जास्त चढतो. मूळ गाणं हार्मोनियमच्या पांढरी सातमध्ये, चढून ते काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच कुठंतरी लटकतं. तुमच्या बेंजोला ती पट्टी सापडणारच नाही, आणि पोरींचे आवाज उंदरासारखे चिरके होतात. की-लॉक लावला तर सूर जागेवर राहतो, पण टाळीचा ठोका फाटतो आणि रॅपचे शब्द पाण्यात बोलल्यासारखे येतात. ८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११८ पर्यंत, कान चालवून घेतो. त्यापुढं नको.

हलगीचं त्याहून अवघड. वरातीतली चाल बहुतेक सहा मात्रांच्या, तीन-तीनच्या झोक्याची असते आणि हे गाणं सरळ चारचं. वर टाकलं की तीन आणि चार एकमेकांच्या पायात येतात. ऐकताना दोन बार मजा वाटते, नाचणारीचा पाय मात्र तिसऱ्या बारला चुकतो.

बेंजोपार्टी_सेलू
मग हलगी घरी ठेवावं का?

लातूरचा_मिक्सर
घरी कशाला? गाण्यावर नको, गाणं संपल्यावर घ्या. गाणं २ मिनिटं ५३ सेकंदांचं. चार मिनिटांची वेळ मिळाली असेल तर ६७ सेकंद उरतात. गाणं मूळ लयीत पूर्ण वाजू द्या, एक बार पूर्ण शांतता, आणि मग खरीखुरी हलगी स्टेजवर. लय बदलल्याचं कोणाला खटकत नाही, कारण मध्ये शांतता आहे. हळूहळू स्पीड वाढवत नेलं तर मात्र सगळ्यांनाच गाडी घसरल्यासारखं वाटतं.

खडकेश्वर_कट्टा
कंपनीला गाणं नको होतं हे मान्य, तो मुद्दा मी सोडला. पण चाल बारीकच आहे, या मतावर ठाम. आणि रॅप आपल्या मैदानात कोणाला कळतो? बेस इतका चढवलेला असतो की शब्द दबून जातात.

नांदेडची_सरगम
तो दोष गाण्याचा नाही, सर, ऑपरेटरचा. शब्दांची धार साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. बेसच्या पेट्या पूर्ण उघडून टॉप (बारीक आवाजाच्या पेट्या) अर्धे ठेवले की कुठलंही गाणं धडधडच ऐकू येणार. आधी बेस उतरवा, मग टॉप चढवायची गरज आहे का ते बघा. आणि स्टेजवर पोरींकडं तोंड करून एक मॉनिटर (त्यांना गाणं ऐकू येण्यासाठीची पेटी) ठेवाच. पेट्या मैदानात ३४ मीटरवर उभ्या केल्या तर आवाज स्टेजवर पोचायला सेकंदाचा दहावा भाग जातो. ११० च्या लयीत तो ठोक्याचा जवळपास पाचवा हिस्सा. पाचही जणी बरोबर नाचतात आणि समोरून सगळ्या उशिरा दिसतात.

परळी_पॅसेंजर
मॉनिटर भाड्याच्या यादीत वेगळा लिहून घ्या. ‘साउंड सिस्टीम’ एवढंच लिहिलं की तो येत नाही. हलगीवाल्यालाही त्या शांततेचे चार ठोके मोजायला कोणीतरी हातानं इशारा द्या, नाहीतर तो दुसऱ्याच ठोक्याला सुरू होतो.