कॅनडातल्या कायदेशीर कॅनबिस (गांजा) उद्योगात मार्केटिंग: नेमकं काम काय आणि शिरकाव कसा?

आंबेमोहोर
ओंटारियोत पीआर (कायम रहिवासी) आहे, पासपोर्ट भारतीय. पॅकबंद खाद्यपदार्थांच्या ब्रँड मार्केटिंगचा चार वर्षांचा अनुभव. कॅनबिस कंपन्यांत ब्रँड मॅनेजर आणि ट्रेड मार्केटिंगच्या (दुकानदारांपर्यंत माल पोचवण्याच्या) जागा दिसतात. जाहिरातीवर एवढी बंधनं आहेत, मग ही माणसं दिवसभर करतात काय? अर्जासोबत काय दाखवावं? आणि पुढेमागे अमेरिकेत जायचं झालं तर हा अनुभव आड येईल का?

कलम_सतरा
मुलाखतीआधी कॅनबिस अ‍ॅक्टचं कलम १७ मुळातून वाचा. कायदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. ग्राहकासमोर किमतीचा गाजावाजा, कुणाची शिफारस किंवा 'मला फरक पडला' छापाचे अनुभव, माणूस, प्राणी वा कार्टूनचं चित्र, झगमगाट, मौजमजा, साहस यांच्याशी जोडणारी मांडणी, मुलांना आवडेल असं काहीही, हे सगळं बाद. म्हणजे खाद्यपदार्थांच्या जाहिरातीची जवळजवळ सगळी हत्यारं म्यान करायची.

उरतं काय? वस्तूची खरी माहिती आणि ब्रँडची ओळख, तीही अल्पवयीनांपर्यंत पोचणार नाही अशा ठिकाणी. वेबसाइटवर वयाची चाचणी असते ती याचसाठी. विक्रीच्या जागी फक्त 'उपलब्ध आहे' आणि 'किंमत इतकी' एवढं लिहिता येतं. वेष्टणावर ब्रँडच्या नावाशिवाय एकच चिन्ह, बाकी जागा इशाऱ्याची आणि टीएचसीच्या (नशा आणणाऱ्या घटकाच्या) लाल खुणेची. 'एकावर एक फुकट' किंवा ग्राहकाला मोफत नमुना हे मोहिमेत सुचवलंत, तर मुलाखत तिथेच संपली समजा.

नवख्यांची चूक ठरलेली: 'झोप छान लागते', 'ताण जातो'. आरोग्याचे असे दावे करू नका, हॅशटॅगमधूनसुद्धा नाही.

घाऊक_हिशेब
वरचं सगळं बरोबर, पण पगार त्याचा मिळत नाही. पगार मिळतो तो माल दुकानाच्या फळीवर पोचवून तिथे टिकवण्याचा.

ओंटारियोत खासगी दुकानांना माल ओसीएसकडूनच (ओंटारियो कॅनबिस स्टोअर, प्रांताचा सरकारी घाऊक विक्रेता) घ्यावा लागतो. म्हणून पहिला ग्राहक ओसीएस, दुसरा दुकानाचा खरेदीदार, तिसरा बडटेंडर (काउंटरवरचा विक्रेता) आणि धूर काढणारा चौथा. ओसीएसच्या यादीत माल आला म्हणून हुरळून जाऊ नका. यादीत आहे पण दुकानांत नाही, अशा मालाची पुढची वाट बाहेरची. दर आठवड्याला दोन आकडे बघायचे: किती दुकानांत माल आहे, आणि प्रत्येक दुकानात किती नग खपले. पहिला वाढतोय आणि दुसरा घसरतोय, तर तुम्ही नुसती गोदामं भरताय.

अबकारी कराचं गणित पाठ हवं. सुक्या फुलावर ग्रॅमला १ डॉलर किंवा उत्पादकाच्या किमतीच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते. म्हणजे भाव ग्रॅमला १० डॉलरच्या वर गेल्याशिवाय टक्केवारीचा प्रश्नच येत नाही. २८ ग्रॅमच्या पाकिटावर किमान २८ डॉलर कर, मग भाव कितीही पाडा. खाद्यपदार्थ आणि अर्कांवर कर टीएचसीच्या मिलिग्रॅममागे १ सेंट. खाद्याच्या पाकिटात १० मिलिग्रॅमचीच मर्यादा, म्हणजे कर १० सेंट. स्वस्त मोठ्या पाकिटाची कल्पना मांडणाऱ्याला हा हिशेब आला नाही, तर वित्त विभाग पहिल्याच बैठकीत सोलून काढतो.

आणि दुकानाला 'आमचाच माल पुढे ठेवा' म्हणून पैसे किंवा भेटी देणं, जे किराणा व्यवसायात सर्रास चालतं, ते इथे बंद. तुमची खाद्यपदार्थांची सवय नेमकी इथे नडेल.

आंबेमोहोर
धन्यवाद दोघांनाही. मग नमुन्यादाखल इन्स्टाग्रामची मोहीम बनवू की नको?

घाऊक_हिशेब
नको. मेटाच्या मंचांवरची खाती एका रात्रीत उडतात. मोहीम त्यावर उभी केलीत, तर या धंद्याची माहिती नाही हेच दिसतं. त्यापेक्षा काल्पनिक उत्पादनाचं एक पान करा, खरेदीदारासाठी: वजन, टीएचसीची श्रेणी, टर्पीनचं (वास-चव देणाऱ्या घटकांचं) प्रमाण, खोक्यात किती नग, घाऊक किंमत, आणि फळीवरच्या कुठल्या मालाऐवजी हे का ठेवावं. परवानाधारक व्यावसायिकांसाठीच्या साहित्याला कायद्यात वेगळी सूट आहे, पण तो कागद ग्राहकाच्या हाती जाता कामा नये. दुसरं पान बडटेंडरसाठी, दहा मिनिटांत शिकवता येईल असं. तिसरं म्हणजे नियम मोडणारी एक जाहिरात घेऊन ओळीओळीला खुणा करून सुधारलेली. कॅनसेल या कॅनबिस विक्रीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही काढून ठेवा. ओंटारियोत दुकानातल्या कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं आहे. ऑफिसच्या नोकरीला लागत नाही, पण काउंटरची भाषा कळते.

सीमेपलीकडे
अमेरिकेबद्दल. तिथे राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा वेगळा. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने (अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन विभागाने) स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा उद्योगातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगलं नैतिक चारित्र्य' या अटीला बाधा आणू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सीमा विभागाने दिलेलं आश्वासन (उद्योगाशी संबंध नसलेल्या कामासाठी आलात तर सहसा अडवणार नाही) कॅनडाच्या नागरिकांबद्दल होतं. भारतीय पासपोर्टवरच्या पीआरने ते स्वतःला लागू धरू नये. कंपनीच्या कामासाठी तिकडच्या प्रदर्शनाला जाणं तर आणखी जोखमीचं. तेव्हा नोकरीच्या पत्रावर सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, नंतर नको.

अनुभवही जसाच्या तसा चालत नाही. माल राज्याची हद्द ओलांडू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्य स्वतंत्र बाजारपेठ. कॅलिफोर्नियात जाहिरातीवर परवाना क्रमांक लागतो, आणि किमान ७१.६ टक्के प्रेक्षक २१ वर्षांवरचे असावे लागतात. ही टक्केवारी माध्यमाच्या कागदपत्रांनिशी दाखवता आली पाहिजे, 'आमचे वाचक मोठेच आहेत' एवढ्यावर भागत नाही.