मदत हवी आहे: कुस्तीला जोड म्हणून स्पर्धेसाठी दुसरा खेळ कोणता धरावा? ज्युदो, साम्बो की जिउ-जित्सू?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीकडचा, नोकरीमुळे पुण्यात. शाळेपासून तालमीत आहे, मॅटवर ७४ किलो फ्रीस्टाइल. जिल्हा आणि विद्यापीठाच्या पुढे गाडी सरकली नाही आणि पंचविशी उलटल्यावर आता ती सरकेल असं वाटतही नाही. कुस्ती सोडणार नाहीच, जत्रेतली मैदानं होत राहतील. पण पुढ्यात एखादी स्पर्धा असल्याशिवाय पहाटे उठून जोर मारायला अंग तयार होत नाही. म्हणून दुसरा एक खेळ धरायचाय. लाथाबुक्क्यांचा नको. सुजलेला डोळा घेऊन क्लायंटसमोर बसता येत नाही.

पहिला विचार ज्युदोचा. घराजवळ वर्ग आहे, जिल्हा-राज्य-राष्ट्रीय अशा स्पर्धा लागलेल्या असतात. शिवाय २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ज्युदो आहे आणि कुस्ती वगळलीय! (मी काही तिथं जाणार नाहीये, पण राग यायचा तो आलाच.)

अडचण अशी, की माझा सगळा खेळ पटावर, म्हणजे पाय धरून पाडण्यावर. समोरच्याचा हात वर गेला की एकेरी पट, तो सुटला की दुहेरी, नाहीतर कलाजंग (मांडीत हात घालून खांद्यावर उचलून टाकायचा डाव). ज्युदोत २०१० ला पायाला थेट हात घालण्यावर बंदी आली, २०१३ ला ती आणखी कडक झाली. म्हणजे माझं निम्मं सामान दाराबाहेर.

परवा त्या वर्गात उसना गी (ज्युदोचा जाड पोशाख) घालून उतरलो. समोर कॉलेजातला पोरगा, माझ्याहून हलका. मी सवयीनं वाकून उभा. त्यानं एका हातात कॉलर, दुसऱ्यात बाही धरली आणि कॉलर अशी खाली ओढली की माझं डोकं माझ्याच गुडघ्यापाशी. वर यायला जोर लावला, तोच तो आत शिरला आणि आतली टांग मारली. पडताना मी ब्रिज केला, म्हणजे डोकं आणि पायांवर कमान करून खांदे लागू दिले नाहीत. मनात म्हटलं, वाचलो. सर म्हणाले, ‘इप्पॉन.’ म्हणजे पूर्ण गुण, कुस्ती तिथंच संपली. ब्रिजवर पडलं तरी पाठ लागली असंच धरतात म्हणे.

साम्बो म्हणजे रशियातली कुस्ती, त्यात पट चालतो. जॅकेट असतं पण खाली शॉर्ट्स आणि बूट, पायाचे कुलूपही (पाय अडकवून पिळणं) चालते, गळा आवळणं मात्र चालत नाही. कागदावर माझ्यासाठीच बनवलेला खेळ. पण २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत होता तो पुढच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दिसला नाही, आणि मला शहरात नियमित शिकवणारं कुणी सापडेना.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या अकादम्या बऱ्याच आहेत, फी दणदणीत आहे. तिथं समोरचा आपणहून पाठीवर पडतो आणि पायांनी आपल्याला धरतो. आयुष्यभर ‘पाठ लागली की संपलं’ ऐकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागेल. पट काढला तर दोन गुण मिळतात, हे त्यातल्या त्यात बरं.

तर, कुणी तालमीतून यांपैकी कशात गेलंय का? वर्षभरात राज्य पातळीवर किमान लाजिरवाणं होणार नाही इतपत कशात जमेल? आणि ज्युदोची सवय लागून कुस्तीतला पट बोथट होतो का?

बाहीवाला:

पैलवान, मी ज्युदोवाला, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. पट गेला म्हणून निम्मं सामान गेलं हे काही पटत नाही. धोबीपछाड, ढाक, आतली-बाहेरची टांग हे सगळं इथं रोजचं आहे. जाते ती कलाजंग. कमरेचा जोर आणि तोल तुमच्याकडे आहेच, तो शिकवायला आम्हाला वर्षं लागतात. खाली धरून ठेवण्यात तर पैलवान वरचढ असतो, आणि २० सेकंद धरलं की इप्पॉन.

जड जाईल ती पकड. पहिले काही महिने फक्त पडायला शिका आणि बाही सोडवायला शिका. वाकून राहिलात किंवा सवयीनं पायाला हात गेला तर शिदो (दंड), तीन शिदो झाले की हार. दुसरं, खाली असताना हात ताठ करून समोरच्याला ढकलायची तालमीतली खोड टाका. ज्युदोवाला त्या ताठ हाताचीच वाट बघत असतो, कोपर जाईल. वजनाचं सोपं आहे, ७३ चा गट आहे.

जमलं तर पुढं कुराशकडेही (उझबेकिस्तानची पारंपरिक कुस्ती) बघा. बेळगावकडची मलप्रभा जाधव ज्युदोतलीच, तिनं जकार्तात कुराशचं कांस्य घेतलं. पट तिथंही नाही, पण खाली झटापटच नसते, सगळं उभ्यानं.

लाल_माती:

नियम नंतर बघ भावा. आधी सांग, त्या वर्गात तुझ्या वजनाची मोठी माणसं किती आहेत? मी ज्या वर्गात गेलो तिथं सगळी शाळकरी पोरं. त्यांच्यावर जोर लावता येईना आणि स्पर्धेत एकदम ८१ किलोचा गडी समोर. शेवटी जिउ-जित्सूत गेलो, कारण तिथं रोज लढायला पाच-सहा जोडीदार मिळायचे. पट बोथट वगैरे होत नाही, आठवड्यातून दोनदा तालमीत जात राहा म्हणजे झालं. आणि पाठीवर पडण्याची लाज पहिल्या महिन्यातच जाते.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. काल मुद्दाम जाऊन बघितलं. ज्युदोत माझ्या वजनाच्या आसपासचे तिघं आहेत, त्यातला एक पोलिसातला, चांगला तगडा. पण ते सोमवार-गुरुवारच येतात. ते दोन दिवस ज्युदो, शनिवार-रविवार तालीम, असं ठरवतोय. साम्बोवाले कुणी पुण्यात असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उन्हाळ्यात एखादं शिबिर असेल तर येईन.

@बाहीवाला दादा, एक विचारायचं राहिलं. जिल्हा स्पर्धेला पांढरा आणि निळा दोन्ही गी लागतात, की पहिल्या वर्षी पांढऱ्यावर भागतं?