सायनोटाइप धुताना निळा का उतरतो? (आणि यात अख्खी नोकरी काढलेलं कुणी आहे का?)

पाचोऱ्याची_ताई:
राम राम मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीकडून सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हात निळा फोटो छापायची जुनी रीत, करून घ्यायचाय. उन्हात रंग मस्त चढतो, पण बोअरच्या पाण्यात धुतला की निळा फिका पडतो. आणि अशा जुन्या प्रक्रियांच्या मागे लागून शिक्षकाचं काही होतं का?

नाना_चाळीसगाव:
ताई, हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, त्याला अल्कली, म्हणजे क्षार, सोसत नाही. आपलं बोअरचं पाणी जड. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाका. कागदात खडूची भर असेल तरी हेच होतं, तोही बदलून बघा.

नोकरीचं म्हणाल तर माझी यातच गेली, आणि समाधानानं गेली. आमच्या गावात केकी मूस हे छायाचित्रकार होते. टेबलावर वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी करायचे. फोटो हातानं घडवता येतो हे मला त्यांच्या कामात पहिल्यांदा दिसलं. मग इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची 1842ची ही निळी रीत धरली, पुढे त्याच काळातल्या टॅल्बटचा सॉल्ट प्रिंट, म्हणजे मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावरचा छाप. त्याचा तांबूस तपकिरी रंग मला आजही सगळ्यांत प्रिय. पण तो वर्गात नको: सिल्व्हर नायट्रेट महाग, बोटं काळी करतं, डोळ्याला घातक. गम प्रिंटला, म्हणजे डिंक-रंगाच्या छापाला, लागणारं डायक्रोमेट तर विषारीच, पोरांच्या आसपासही नको.

सायनोटाइपसाठी हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम वेगळ्या 100 मिलीत. कागदावर लावताना दोन्ही समसमान मिसळा. निगेटिव्ह (काळं-पांढरं उलटं केलेला फोटो) नंतर, आधी वाऱ्यानं चिरलेल्या केळीच्या पानाचा तुकडा काचेखाली दाबा. पिवळट लेप निळसर होत राखाडी झाला की उचला. धुतल्यावर पानाच्या पट्ट्या पांढऱ्या, मधल्या फटी गडद निळ्या. पोरं बादलीवरून हलत नाहीत! इंग्रज वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्सनं 1843पासून शेवाळांचं पुस्तक असंच, कॅमेऱ्याशिवाय केलं.

भुसावळकर:
भारी शे नाना! मोबाइलमधला फोटो चालेल का?

नाना_चाळीसगाव:
चालेल भाऊ. निगेटिव्ह करून पारदर्शक शीटवर प्रिंट काढा, काळा मात्र गच्च हवा. शीट आणि कागद काचेखाली घट्ट दाबा, नाहीतर कडा धूसर येतात.

पाचोऱ्याची_ताई:
नाना, मनापासून आभार. तयार छाप वर्गात लावले तर टिकतील?

नाना_चाळीसगाव:
खिडकीसमोर लावू नका. उजेडानं फिके पडलेच तर काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, बराचसा निळा परत येतो.