रस्ता काँक्रीटचा करताना जुना काळा दगड का काढायचा?

दगडप्रेमी_फोर्ट: दक्षिण मुंबईत फूटपाथच्या कडेला काळ्या बसाल्टचे घडीव कर्ब (कडेचे दगड) अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. रस्त्याचं काम निघालं की ते डेब्रिजमध्ये जातात आणि प्रीकास्ट, म्हणजे साच्यात आधीच ओतलेला सिमेंट काँक्रीटचा कर्ब, बसतो. माझं स्पष्ट मत: दगड साफ करून तिथेच परत बसवा. टायर घासून प्रीकास्टची कड उडते, आतली खडी दिसायला लागते. बसाल्ट गुळगुळीत होतो, फुटत नाही. एक बाजू झिजली तर उलटवून बसवता येतो.

साइट_इंजिनीअर: अजिबात पटत नाही. 30 बाय 15 सेंमीचा मीटरभर बसाल्ट सुमारे 130 किलो भरतो. अर्ध्या मीटरचा प्रीकास्ट 54 किलोच्या आसपास, दोघं आरामात बसवतात. शिवाय जुने दगड खालून ओबडधोबड, प्रत्येकाची खोली वेगळी. आणि कर्ब फुटायच्या आधी डगमगतो, मग तो दगड असो वा सिमेंट. कारण मागचा टेकू. सूत लावा, खाली 100 मिमी पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट), वर 1:3 सिमेंट-वाळूचा मसाला, 10 मिमीच्या दरजा, आणि मागच्या बाजूला निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीट. वर सात दिवस पाणी मारा. हा टेकू वाचवून मागे माती लोटतात. पावसात ती खचते, बसचं चाक घासलं की कर्ब मागे कलतो आणि पेव्हर ब्लॉक उचकटतात.

चालणारा_दादर: तुम्ही दोघं दगडावर भांडताय, उंचीचं काय? आयआरसी 103 (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका) प्रमाणे कर्ब 150 मिमीपेक्षा उंच नको. डांबरी रस्त्यावर मिलिंग न करता, म्हणजे जुना थर न खरवडता, 50 मिमीचे दोन थर चढवले की कर्बची उंची 50च उरते. मग फूटपाथ उचलतात, तोही भरमसाट, आणि गुडघे दुखणारी माणसं रस्त्यावरून चालतात. रॅम्पला 1:12 उतार म्हणजे 150 मिमीसाठी 1.8 मीटर लांबी. अरुंद फूटपाथवर रुंदीच्या दिशेने आडवा रॅम्प बसतच नाही. तिथे दोन्ही बाजूंनी फूटपाथच खाली उतरवायला हवा.

दगडप्रेमी_फोर्ट: मिलिंगचं शंभर टक्के मान्य. पण वजनाचा मुद्दा नाही पटत. खोदकामाला जेसीबी उभाच असतो, पट्टा लावून दगड उचलता येतो. खोली वेगळी असेल तर पीसीसी कमीजास्त करा.

साइट_इंजिनीअर: सरळ पट्ट्यात चालेल. पावसाचं पाणी आत घ्यायच्या तोंडाशी मात्र प्रीकास्टच हवा. तिथे भोक साच्यातूनच मापात येतं. दगड साइटवर कापला की तोंड लहान पडतं, प्लास्टिक अडकतं आणि पाणी कर्बलगत तुंबतं.