कॅनडातील आयरिश पूर्वज: शेजाऱ्यांवरून मूळ गाव ठरवावे का?

ओटोनाबीकाठ (धागाकर्ता)

माझ्या जावयाचे पूर्वज आयर्लंडहून येऊन ऑन्टारिओत पीटरबरोजवळच्या डूरो टाउनशिपमध्ये (तालुक्याहून लहान ग्रामीण विभागात) शेती करू लागले, एवढे त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आयर्लंडमधले गाव मात्र कोणालाच सांगता येत नाही. १८७१ च्या जनगणनेत जन्मस्थानाच्या रकान्यात नुसते ‘आयर्लंड’ आहे. हा गृहस्थ १८३० च्या दशकात आला, आणि क्वेबेकला उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या सलग मिळतात त्या १८६५ पासूनच्या, त्यामुळे तीही वाट बंद आहे.

माझे मत असे की अशा वेळी पूर्वजाचा नाद सोडून त्याच्या शेजाऱ्यांच्या मागे लागावे. १८२५ साली पीटर रॉबिन्सन यांच्या देखरेखीखाली सरकारी खर्चाने सुमारे दोन हजार माणसे या भागात आणली गेली. त्यांतली बहुतेक आयर्लंडच्या कॉर्क काउंटीच्या उत्तर भागातली होती, आणि त्यांच्या जहाजांच्या याद्या सुदैवाने टिकल्या आहेत. आमच्या पूर्वजाच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्यात मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे) म्हणून ज्यांची नावे येतात, ते बहुतेक या यादीतल्या घराण्यांचे आहेत आणि ती घराणी आयर्लंडमधल्या एकाच पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांमधली) आहेत. तेव्हा आमचा माणूसही तिथलाच, असे वंशावळीत लिहायला काय हरकत आहे?

सातबारा

हरकत आहे, आणि मोठी आहे. ऑन्टारिओत आधी मोजणी होऊन कन्सेशन (जमिनीच्या रांगा) आणि लॉट (त्यांतले क्रमांकित तुकडे) आखले गेले, मग माणसे आली. कोणाला कोणता लॉट मिळावा हे पुष्कळदा सरकारी अधिकारी ठरवत असे. त्यामुळे बांधाला बांध लागून शेती होती, यावरून दोघे एका गावचे ठरत नाहीत. जवळच्याच एमिली टाउनशिपमध्ये दक्षिण भागात फर्मॅना काउंटीतले प्रॉटेस्टंट आणि उत्तर भागात कॉर्कचे कॅथलिक वसले होते.

शिवाय तुमचा पूर्वज दहा वर्षे उशिरा आला आहे, म्हणजे त्याने ती जमीन दुसऱ्या कोणाकडून घेतली असण्याचा संभव आहे. त्या लॉटचे जमीन-नोंदवहीतले पान काढून पाहिलेत का? त्यात पहिली ओळ सरकारी पट्ट्याची (सरकारने जमीन पहिल्यांदा दिल्याची) असते आणि तिच्याखाली प्रत्येक विक्री, गहाण आणि वाटणी क्रमाने येते. विकणारा कोण होता हे कळल्याशिवाय शेजाराला अर्थ लावता येणार नाही.

टोरांटोकर

सातबारा यांचे म्हणणे जमिनीच्या बाबतीत मान्य आहे, पण धागाकर्त्याचा खरा आधार बाप्तिस्म्याच्या नोंदींचा आहे. लॉट सरकार देते. धर्मपिता आईबाप निवडतात, आणि सहसा सख्ख्यातला किंवा ओळखीतला निवडतात.

थेट पुरावा मागणाऱ्यांनी आयरिश दप्तराची अवस्थाही लक्षात घ्यावी. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतांश कागदपत्रे १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या सरकारी दप्तरखान्याच्या आगीत गेली, आणि १८६१ ते १८९१ ची त्याआधीच सरकारने स्वतः नष्ट केली होती. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. ग्रिफिथची मालमत्ता-आकारणी (करासाठी केलेली जमीन-घरांची देशभराची यादी) १८४७ ते १८६४ ची, म्हणजे हा माणूस निघून गेल्यानंतरची. मग उरतात १८२३ नंतरच्या दशमांश-करवह्या (चर्चसाठी शेतीवर लावलेल्या कराच्या वह्या), ज्यांत फक्त जमीन कसणाऱ्या कुटुंबप्रमुखांची नावे आहेत, आणि चर्चच्या वह्या. जो पुरावा जळून गेला तोच मागत बसले तर कोणाचीच वंशावळ समुद्रापलीकडे जाणार नाही.

सातबारा

न जाऊ दे! पुरावा जळाला म्हणून अंदाजाची किंमत वाढत नाही.

कॉर्कमध्ये सलिव्हन किंवा मॅकार्थी हे आडनाव घेऊन गाव शोधणे म्हणजे आपल्याकडे पाटील आडनावावरून गाव शोधण्यासारखे आहे. त्यातून ग्रामीण कॅथलिक पॅरिशच्या वह्या कितीतरी ठिकाणी १८२० च्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. तुम्हाला एका पॅरिशमध्ये जुळणारे नाव सापडते, तेव्हा तो तिथलाच होता असे सिद्ध होत नाही. शेजारच्या पॅरिशची त्या वर्षांची वही अस्तित्वातच नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आणि एकदा तुम्ही ते इंटरनेटवरच्या वंशावळीत टाकलेत की दहा जण ते उतरवून घेतात, आणि पुढच्याला त्या दहा वंशावळीच पुरावा वाटू लागतात.

गुणसूत्र

जावयाची आणि त्यांच्या एखाद्या वयस्कर आत्याची किंवा काकांची डीएनए चाचणी करून घ्यावी. उत्तर कॉर्कमध्येच राहिलेल्या कुटुंबांच्या वंशजांशी जुळणी निघाली, तर वाद मिटेल.

टोरांटोकर

इतक्या सहज मिटणार नाही. चौथ्या पिढीतल्या चुलतभावंडांपैकी (इंग्रजीत ‘फोर्थ कझिन’) जवळपास निम्म्या जोड्यांमध्ये मोजता येण्याजोगा समान अंश उरतच नाही, त्यामुळे जुळणी न निघाल्यास काहीच सिद्ध होत नाही. जुळणी निघाली तरी डूरोसारख्या ठिकाणी तीच घराणी पिढ्यानपिढ्या एकमेकांत सोयरीक करत आली आहेत, तेव्हा तो अंश कॅनडात झालेल्या एखाद्या लग्नातून आलेला नाही ना, हे आधी तपासावे लागेल. आत्याची चाचणी मात्र जरूर करावी, कारण ती एक पिढी मागे आहे.

ओटोनाबीकाठ

विक्रेत्याचा मुद्दा रास्त आहे. त्या लॉटचे पान मी काढणार आहे. पण गावाची जागा रिकामी ठेवायला मी अजूनही तयार नाही. पॅरिशचे नाव ‘संभाव्य’ असा शेरा मारून आणि धर्मपित्यांची नावे खाली देऊन लिहीन, म्हणजे उतरवून घेणाऱ्यालाही आधार दिसेल. आतापर्यंत सगळे नवऱ्याच्या आडनावामागे लागले होते. ऑन्टारिओत विवाहांची नोंद १८६९ पासून आहे आणि त्यांच्या धाकट्या मुलांची लग्ने त्यानंतरची आहेत. त्या नोंदींत आईचे माहेरचे आडनाव मिळायला हवे. ते रॉबिन्सनच्या यादीत निघाले, तर धर्मपित्यांची ती सगळी घराणी तिच्या माहेरची ठरतील आणि नवऱ्याचे गाव वेगळेच असू शकेल.

सातबारा

हेच मी पुढे विचारणार होतो. ते होईपर्यंत ‘संभाव्य’ हा शब्दही मला जास्तच वाटतो.