चिंबोरीचा जाड डेंगा अरुंद सांध्यातून बाहेर कसा निघतो?

खाडीकाठ:
गेल्या आठवड्यात खाडीच्या चिखलात मला एक चिंबोरी (खाडीतला मोठा खेकडा) पडलेली दिसली. आठही पाय, दोन्ही डेंगे म्हणजे नांग्या, डोळ्यांचे देठसुद्धा जागच्या जागी होते. मात्र उचलली तर अगदी हलकी आणि आतून रिकामी. संधिपाद म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांचे बाह्यकवच वाढत नाही आणि म्हणून त्यांना कात टाकावी लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु डेंग्याचा पुढचा भाग अंगठ्याहून जाड आणि बुडाचा सांधा करंगळीएवढाही नाही. कवच न तडकता आतले मांस त्यातून निघाले कसे?

सागरवेल:
आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण कात टाकताना खेकड्याची खरी कसोटी तिथेच लागते. कात टाकण्यापूर्वीच्या काळात डेंग्यातील स्नायूंची प्रथिने विघटित होऊन ते स्नायू बरेच आक्रसतात. जुन्या कवचाखाली नवे कवच तयार झालेले असते, पण त्यात अजून कॅल्शियम कार्बोनेट साठलेले नसल्याने ते मऊ व सुरकुतलेले राहते आणि सांध्यातून दबून निघू शकते. पाठीचे कवच व पोट यांच्यामध्ये मागच्या बाजूला फट पडते, त्या फटीतून खेकडा उलट्या दिशेने बाहेर सरकतो. कल्ल्यांवरचे पातळ आवरण आणि जठरातील दळणारे दातदेखील या कातीबरोबरच निघून जातात. त्यानंतर तो भरपूर पाणी शोषून फुगतो. कवच कडक होईपर्यंत त्याच्या शरीराला आधार मिळतो तो या पाण्याच्या दाबाचा. आकसलेले स्नायू पुढे नव्या, मोठ्या कवचात पुन्हा वाढतात.

कल्लोळ:
आपण डोळ्यांच्या देठांचा उल्लेख केला आहे म्हणून थोडी भर घालतो. कात टाकण्याची क्रिया रोखून धरणारे संप्रेरक त्या देठांतील ग्रंथींतूनच स्रवते. त्याचे प्रमाण घटले की शरीरातील दुसऱ्या ग्रंथींतून एक्डायसोन हे कात टाकायला लावणारे संप्रेरक स्रवू लागते आणि कातीची तयारी सुरू होते. घरात क्वचित दिसणारे पांढरे झुरळ हीसुद्धा वेगळी जात नसून नुकतीच कात टाकलेले झुरळ असते. त्याचे कवच मात्र कॅल्शियममुळे नव्हे, तर प्रथिनांचे रेणू एकमेकांशी जखडले गेल्याने काही तासांत कडक व तपकिरी होते.

खाडीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. आताच पुन्हा पाहिले, मागच्या बाजूला फट आहे आणि आत कल्ल्यांचे पापुद्रेही आहेत. मग बाजारात कधीकधी पाणचट, पोकळ चिंबोरी मिळते, तिचे कारणही हेच का?

सागरवेल:
बहुधा हेच. नुकतीच कात टाकलेल्या चिंबोरीत मांसाऐवजी पाणीच अधिक असते. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असे आपल्याकडे मानतात, पण विकत घेताना मी तिथीपेक्षा हातातल्या वजनावर आणि पोटाकडचे कवच दाबल्यावर ते किती टणक लागते यावर अधिक विश्वास ठेवते.